केसांचे गैरसमज: रोज केस हाताळणाऱ्यांकडून

ज्यांचा कामानिमित्त रोज लोकांच्या डोक्याशी संबंध येतो, त्यांनी लिहा. 'माझे केस कसे परत आले' नको. काय करायचं, किती आणि कुठे चुकतं, तेवढंच.

त्वचारोग ओपीडी

दिवसाला ५० ते १०० केस पडणं नेहमीचं आहे. तीन दिवसांनी न्हायलं की मोरीच्या जाळीवर तीन दिवसांचा साठा एकदम दिसतो आणि खापर शाम्पूवर फुटतं. खरी गळती उशिरा येते. डेंगी, टायफॉइड, बाळंतपण किंवा पोट मारून केलेलं डाएट यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस हातात येतात, कारण विश्रांतीत गेलेला केस सुटायला तेवढा वेळ लागतो. तोवर ताप विसरलेला असतो, आठवतं ते बोअरचं पाणी! बहुतेकांची ही गळती सहा महिन्यांत थांबते. लांबली तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासा. केसांसाठी म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा; थायरॉइडचे आकडे त्याने चुकतात.

औषध दुकान

'कोंडा म्हणजे कोरडेपणा, चोपडा तेल.' हा समज सर्वांत चिवट. मालासेझिया नावाची बुरशी प्रत्येकाच्या डोक्यावर असते आणि त्वचेच्या तेलकटपणावरच जगते. वर आणखी तेल म्हणजे तिला जेवण वाढणं. २% किटोकोनॅझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. केसांना नव्हे, त्वचेला चोळायचा आणि ३ ते ५ मिनिटं ठेवायचा. लावला की लगेच धुतात आणि 'गुण नाही' म्हणून बाटली परत आणतात. नंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा, कारण कोंडा आटोक्यात राहतो, कायमचा जात नाही. लिंबू चोळू नका, खाजवलेल्या जागी आग होते. जाड, चंदेरी पापुद्रे कपाळावर उतरत असतील तर सोरायसिस असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.

सलून

तेलाला सरसकट बदनाम करू नका हो. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनं कमी जातात. मुंबईतल्याच संशोधकांनी २००३ मध्ये हे मोजून छापलं. सूर्यफूल आणि मिनरल तेलाला ते जमलं नाही. म्हणजे तेल केसांच्या लांबीला, न्हाण्याआधी. नवे केस त्याने उगवत नाहीत.

जावळ काढल्याने केस दाट होत नाहीत. मूळ कातडीखाली, वस्तरा वरून फिरतो. निमुळतं टोक जाऊन सपाट टोक येतं, म्हणून हाताला राठ लागतं. आणि 'काळी मेंदी' हर्बल समजू नका. मेंदीचा रंग तांबूस-केशरी, काळा करतो तो बहुधा पीपीडी हा रासायनिक रंग. कानामागे थेंब लावून ४८ तास थांबा.

शाळेतली आरोग्य तपासणी

उवा अस्वच्छ डोक्यातच होतात असं नाही. त्या उडत नाहीत, उडी मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की चालत जातात. डोक्याबाहेर दोनेक दिवसांत मरतात, त्यामुळे घरभर फवारणी नको. रॉकेल तर अजिबात नको: कातडी भाजते, ठिणगी पडली तर मूल पेटतं.

उवांचं औषध १% परमेथ्रिन: केस साध्या शाम्पूने धुवा, कंडिशनर लावू नका (औषध केसाला धरत नाही), टिपून ओलसर ठेवा, लावा, १० मिनिटांनी धुवा. लिखा त्याने हमखास मरत नाहीत आणि आठवडाभरात फुटतात, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा. हा दुसरा हात चुकतो आणि 'औषध भेसळीचं' ठरतं. मधल्या काळात दर तीन दिवसांनी ओल्या केसांतून बारीक फणी, मुळापासून टोकापर्यंत. त्वचेपासून बोटभर लांब दिसणाऱ्या पांढऱ्या लिखा म्हणजे बहुतेक रिकामी टरफलं असतात. त्या बघून तिसऱ्यांदा औषध लावू नका.

जट सोडवणारी कार्यकर्ती

वर ओपीडीने १०० केसांचा हिशेब दिला, जट तिथूनच सुरू होते. विंचरलं नाही की सुटलेले केस बाहेर पडत नाहीत. त्यात घाम, तेल, भंडारा, उवा खाजवणं, आणि महिन्याभरात नमदा तयार. मग कुणीतरी 'यल्लम्मा देवी आली' म्हणतं आणि कंगवा कायमचा बंद होतो.

काही आठवड्यांची जट खोबरेल मुरवून, टोकाकडून बोटांनी सुटते. जुनी सुटत नाही, कापावीच लागते. आधी भिजवू नका. पाणी पिऊन मानेवरचं ओझं वाढतं. एक हात त्वचेवर ठेवून, बोटांच्या वरून बोथट टोकाच्या कात्रीने थोडं थोडं कापायचं. 'रक्त येईल' ही भीती घरोघरी असते. केसात रक्तही नसतं आणि नसही नसते. रक्त आलंच तर ते खालच्या जखमेचं. म्हणून संमती घेतल्यावर पहिली बट बाईच्या हातात द्यायची, स्वतःच बघू दे. मग उवांचं औषध, पण त्वचेवर जखमा असतील तर आधी डॉक्टर.

त्वचारोग ओपीडी

राहिलं एक. चाई (डोक्यावर पडणारं गोल टक्कल) किड्याने लागत नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटते. लसूण घासून फोड आणू नका. पण लहान मुलाच्या चट्ट्यावर खवले आणि तुटके केस दिसले तर ती बुरशी. तिथे नुसतं मलम पुरत नाही, पोटातूनच औषध लागतं.