'नागरिक', 'रहिवासी', 'मतदार' आणि एक 'च'

विचारणा (विडी घरकुल, सोलापूर)

नमस्कार मंडळी. रविवारी मी मतदार नोंदणीच्या कामात मदत करते. परवा एका घरी एकोणीस वर्षांची सून भेटली. मांडीवर सूप, हातात कात्री, पान कापता कापता बोलत होती. घरात तेलुगू, बाहेर मराठी. फॉर्म नंबर ६ मधली घोषणा मी तिला वाचून दाखवली, की मी भारताची नागरिक आहे. कात्री थांबली. "ताई, मी कुठली नागरिक? नागरिक आमच्या आत्या. त्यांना एसटीत अर्धं तिकीट आहे."

'ज्येष्ठ नागरिक' सोडून तिनं हा शब्द कधी स्वतःसाठी ऐकलाच नव्हता. मला नीट समजावता आलं नाही, आणि ते मनाला लागून राहिलं. त्यात वाचनात आलं की एस्टोनियाच्या संसदेनं मताधिकार 'नागरिकांपुरता मर्यादित' केला. म्हणजे आधी कोणापर्यंत होता? 'नागरिक' आणि 'रहिवासी' यांतला फरक सोप्या मराठीत कसा सांगावा?

उत्तर (नवी पेठ)

ताई, त्या पोरीची काही चूक नाही. चूक आमची, बातम्या लिहिणाऱ्या-तपासणाऱ्यांची. बावीस वर्षं मुद्रितशोधन करतोय. 'नागरिकांना पाचव्या दिवशी पाणी', 'खड्ड्यांमुळे नागरिक त्रस्त' असं रोज छापून जातं. तिथं म्हणायचं असतं 'रहिवासी'. पाण्यासाठी घागर घेऊन उभा असलेला माणूस कुठल्या देशाचा, हा तिथं प्रश्नच नसतो.

शब्द मुळात नगराचा. कौटिल्याचा 'नागरिक' म्हणजे शहराचा कारभार पाहणारा अधिकारी. 'नागर' म्हणजे शहरी रीतीभातीचा. माणसाचं देशाशी असलेलं कायद्याचं नातं हा अर्थ अलीकडचा, आणि तो पक्का करणं सोपं गेलं नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली तेव्हा पंजाबराव देशमुखांचा आक्षेप होता की हे नागरिकत्व फारच स्वस्त होतंय. मसुदा समितीला इतका त्रास एखाद्याच दुसऱ्या कलमानं दिला असेल, असं डॉ. आंबेडकरांनीच सभेत सांगितलं. शेवटी कलम ५ ते ९ ही २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली. बाकीची बहुतेक घटना २६ जानेवारीपर्यंत थांबली.

फरक दाखवायला आपला दाखलाच पुढे करा: 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र'. देश कोणता आणि मुक्काम कुठं, या दोन गोष्टी तिथं वेगवेगळ्या लिहिल्यात. आधार कार्ड रहिवाशाला मिळतं, ते नागरिकत्वाचा पुरावा नाही. मतदार यादीला मात्र दोन्ही लागतं. देशाचा नागरिक हवा आणि त्या मतदारसंघात सामान्यतः राहणारा हवा.

उत्तर (अशोक चौक)

नवी पेठेतल्या सरांशी सहमत. पण माझ्या मते खरी गंमत 'नागरिक' शब्दात नाही, त्याच्या आगेमागे काय लागतं त्यात आहे. घटनेचं कलम ३२६ मराठीत एका ओळीत सांगायचं तर 'सर्व प्रौढ नागरिकांना आणि नागरिकांनाच मत'. (प्रौढ म्हटलं की आपल्याला चाळिशीचा माणूस दिसतो. कायद्यात आधी एकवीस, ६१ व्या घटनादुरुस्तीनंतर अठरा.) 'सर्व' दार उघडतो, 'च' उंबरठा घालतो.

आमचे आजोबा वरंगळकडून इथं मागावर आले. तिकडं ते निजामाची रयत. इंग्रजी अमलात मत असायचं ते जमीन, कर, शिक्षण बघून, मागावरच्या माणसाला कोण विचारतो? १९५२ साली त्यांनी पहिल्यांदा मत दिलं ते त्या 'सर्व'च्या बळावर. त्याच वेळी देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीबाहेर राहिली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच सांगितलं होतं. कागदावरचा 'सर्व' खरा व्हायला घरोघर जावं लागतं, ताई, जसं तुम्ही जाता.

आता एस्टोनिया. तिथं स्थानिक निवडणुकांत कायमच्या रहिवाशांना मत होतं. २६ मार्च २०२५ रोजी ९३ विरुद्ध ७ मतांनी घटनादुरुस्ती झाली. रशिया, बेलारूसच्या नागरिकांचं मत लगेच गेलं, ज्यांना कुठलंच नागरिकत्व नाही त्यांना ऑक्टोबर २०२५ ची निवडणूक शेवटची. युरोपीय संघातल्या इतर देशांच्या नागरिकांचं मत मात्र शाबूत. तेव्हा 'केवळ नागरिकांनाच' हा मथळा चुकीचाच. आणि 'मर्यादित' हा शब्दही मला पटत नाही. हातात होतं ते गेलं, तर 'काढून घेतलं' म्हणावं. त्याला तिथल्या लोकांची कारणं असतील, त्यावर वाद घाला, पण क्रियापद सरळ वापरा. उलट टोक बघायचं तर ब्रिटन. भारतीय पासपोर्टवर लंडनला राहणारा सोलापूरचा पोरगा राष्ट्रकुलातला म्हणून तिथल्या संसदेसाठी मत देऊ शकतो.

एक जाता जाता. हिंदीत 'मतदाता', देणारा. आपल्याकडे 'मतदार', जमीनदार-इनामदारासारखा, ज्याच्याकडे मत आहे तो. मला आपला शब्द जास्त आवडतो.

त्या मुलीला तेलुगूतच सांगा: 'पौरुरालु'. तोही 'पुर'वरून, म्हणजे शहरावरूनच आलेला. उर्दूत 'शहरी', तेच. कन्नडमध्ये मात्र 'प्रजे' म्हणतात. मराठीत प्रजा म्हटलं की समोर राजा उभा राहतो, म्हणून आपल्याला तो चालायचा नाही.

विचारणा करणारी, पुन्हा

दोघांचेही मनापासून आभार. आज परत गेले होते. म्हटलं, "इथं राहतेस म्हणून रहिवासी, या देशाची म्हणून नागरिक, अठरा पूर्ण झाली म्हणून आता मतदार." मग तेलुगू शब्द सांगितला. तिनं तो दोनदा उच्चारला, सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि नावाच्या रकान्यात आधी स्वतःचं नाव लिहिलं. नवऱ्याचं त्याच्या जागी, खाली. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना म्हणाली, "आत्या, तुम्ही अर्ध्या तिकिटाच्या आधीपासून आहात."