परदेशातल्या सेमिस्टरचा शेवटचा आठवडा : सातारा-सांगलीकरांनो, तुमचे अनुभव सांगा

आपल्या भागातून एका सेमिस्टरसाठी बाहेर जाणारी मुलं आता नवलाईची राहिली नाहीत. सातारा, कराड, सांगली, वाई, अगदी तासगावच्या मळ्यांतूनही पोरं जर्मनीला, जपानला, अमेरिकेला जाऊन शिकून येतात. जातानाच्या तयारीबद्दल सगळे भरभरून बोलतात. व्हिसा, विमा, थंडीचे कपडे, चटण्या, सगळ्याच्या याद्या तयार असतात. परत येण्याच्या आठवड्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. माझ्या मते खरी कसोटी तिथेच आहे. परीक्षा त्याच आठवड्यात, खोली सोडायची त्याच आठवड्यात, कचेरीत नाव कमी करायचं तेव्हाच, आणि ज्यांच्या शेजारी बसून रोज जेवलो त्यांचा निरोपही तेव्हाच. यातली काही कामं साताऱ्यात बसून करायची म्हटली तर महिने जातात. काही होतच नाहीत.

माझी पुतणी येत्या जुलैत परत येतेय. तिच्यासाठी आणि तिच्या मागून जाणाऱ्यांसाठी हा धागा. विद्यार्थ्यांनी लिहा, आईवडिलांनीही लिहा. छोटं-मोठं जे आठवेल ते लिहा.

— शाहूपुरी, सातारा


कराड, जर्मनीत हिवाळी सेमिस्टर

जर्मनीत हिवाळ्याचे वर्ग ऑक्टोबरात सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि परीक्षा त्यांना लागूनच येतात. शेवटचा पेपर आणि विमान यांच्यामध्ये फारसा वेळ उरत नाही. म्हणून सगळ्यात आधी नगर कार्यालयाची वेळ घेऊन ठेवा, ती ऐनवेळी मिळत नाही. राहायला आल्यावर आपण तिथे पत्ता नोंदवतो, तसा देश सोडताना तो काढायचा असतो. त्याला आबमेल्डुंग म्हणतात. घर सोडण्याच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचे दोन आठवडे एवढीच त्याची मुदत. नोंद काढल्याचा जो कागद मिळतो त्यावर पुढची सगळी कामं अवलंबून असतात. आरोग्य विमा बंद करायला तो लागतो, ब्लॉक्ड अकाउंटमधली (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवलेलं खातं) शिल्लक सोडवायला लागतो, रेडिओ-टीव्हीची वर्गणी थांबवायलाही लागतो. ही वर्गणी दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो असते, घरात टीव्ही असो वा नसो. आपण कळवल्याशिवाय ती थांबत नाही.

डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभरच्या बस-लोकल गाड्यांचा मासिक पास, घेतलं असेल तर ते महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करा. १० उलटली की पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा आपल्या देशी पोचला तरी त्याचं तिकीट चालूच होतं.

आता अभ्यासाचं, कारण तिकडे आपण त्यासाठीच जातो. गुणपत्रक निघेपर्यंत थांबायला वेळ नसतो, निकाल बऱ्याचदा आपण परतल्यावर लागतात. पण प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम आणि त्याचे तास ज्यात लिहिलेत ते पुस्तक विभागात मिळतं. मी त्यातली माझ्या विषयांची पानं काढून त्यावर विभागाचा शिक्का घेतला. युरोपात एका सेमिस्टरला साधारण ३० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. कराडला आल्यावर आमच्या परीक्षा विभागाने पहिला प्रश्न हाच विचारला, या क्रेडिटमध्ये तास किती? मी शिक्क्याची पानं पुढे केली आणि त्याच बैठकीत विषय मान्य झाले. माझ्याबरोबर दुसऱ्या गावाला गेलेला मित्र त्याच कागदासाठी उन्हाळाभर ईमेल करत बसला होता. उत्तर न देणारी तिकडची माणसं वाईट नव्हती, फक्त सुट्ट्या लागल्या होत्या.


सांगली, गावभाग, फ्रान्स

माझी आठवण हळदीची आहे. आम्ही सांगलीचे, आईने बरोबर दिलेली हळद चांगली दमदार होती. खोली सोडताना फ्रान्समध्ये घराची पाहणी होते. आत येताना भिंती, ओटा, गादी, दिवे कसे होते त्याचा कागद केलेला असतो, जाताना तोच कागद घेऊन एकेक वस्तू तपासतात आणि दोघांच्या सह्या होतात. डिपॉझिट त्यावर ठरतं. माझा ओटा पांढरा, आणि त्यावर एका कोपऱ्यात पिवळा डाग. साबण, सोडा, व्हिनेगर सगळं करून पाहिलं. शेवटी आजीला फोन लावला. आजी म्हणाली, "अगं, हळदीचा डाग उन्हाला टिकत नाही, पडदा उघडा ठेव." ओटा खिडकीलगतच होता. जूनचं लांबलचक ऊन तिथे रात्री नऊनंतरही रेंगाळतं. पाहणीच्या दिवसापर्यंत डाग शोधावा लागेल इतका फिका झाला होता.

बँकेचं खातं मात्र निघताना बंद करू नका. भाड्याच्या घराचं डिपॉझिट हातोहात मिळत नाही. सगळं जसंच्या तसं असेल तर घरमालकाला एक महिन्याची मुदत असते, काही मोडतोड असेल तर दोन महिन्यांची. पैसे यायला तिथलंच खातं असलं की सोपं जातं. घरभाड्याची सरकारी मदत घेत असाल तर घर सोडल्याची तारीख त्या मदतीच्या संकेतस्थळावर निघण्याआधी भरा. नाहीतर जास्तीचे पैसे परत मागणारं पत्र येतं.

उरलेली हळद आणि कांदा-लसूण मसाला शेजारच्या मोरोक्कोच्या मैत्रिणीला दिला. ती अजून फोटो पाठवते, परवाच चण्याच्या रश्शाचा पाठवला.


विश्रामबाग, सांगली (आई)

मुलगी अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावर होती, डिसेंबरात सेमिस्टर संपलं. हिवाळ्यात आपल्यात आणि त्यांच्यात साडेदहा तासांचा फरक. आमचे रात्रीचे नऊ म्हणजे तिचे सकाळचे साडेदहा. एरवी रोज याच वेळेला बोलायचो. शेवटच्या आठवड्यात तिचा फोन भलत्याच वेळेला यायला लागला. माझा मार्गशीर्षातल्या गुरुवारचा नैवेद्य चालू असायचा आणि तिकडे रात्रीचे दोन वाजलेले, लेक ग्रंथालयात बसलेली. म्हणायची, "आई, काही बोलू नकोस, नुसता फोन चालू ठेव." मी चालू ठेवायचे. कुकरची शिट्टी, शेजारणीचा आवाज, आरती, सगळं तिला ऐकू जायचं. मला तेव्हा काळजी वाटली होती, आता वाटतं तेवढंच तिला हवं होतं.

तिच्या वसतिगृहाचा नियम असा की शेवटच्या पेपरनंतर २४ तासांत खोली रिकामी करायची. पेपर, बांधाबांध, साफसफाई, किल्ली परत, सगळं एका दिवसात. त्या आठवड्यात मी घरातल्या सगळ्यांना बजावलं होतं की तिच्याकडे काहीही मागायचं नाही. चॉकलेट नको, परफ्यूम नको, आत्याच्या नातवाचे बूट नकोत. २३ किलोच्या दोन बॅगांत एका मुलीचं एवढ्या महिन्यांचं आयुष्य बसवायचं असतं, त्यात आपली यादी घुसवू नये. नातेवाइकांना राग आला तर तो आईने अंगावर घ्यावा, लेकरावर जाऊ देऊ नये. हे मी अगदी कळकळीने सांगते.

तिचा जे-१ व्हिसा होता, म्हणजे अदलाबदल कार्यक्रमात येणाऱ्यांना देतात तो. त्यावर कोर्स संपल्यावर ३० दिवस तिथे फिरायला राहता येतं, पण त्या काळात देशाबाहेर गेलं तर त्याच व्हिसावर परत आत घेत नाहीत. तिच्या मैत्रिणी कॅनडात धबधबा पाहायला निघाल्या होत्या. आमची विद्यापीठाच्या कार्यालयात विचारायला गेली म्हणून कळलं, मग सगळ्यांनी अमेरिकेच्या बाजूनेच नायगारा पाहिला. जाडजूड कोट तिने जानेवारीत येणाऱ्या भारतीय मुलींसाठी ठेवला. सांगलीत त्याचं काय काम?


तासगाव तालुका, द्राक्षबागायतदार (वडील)

मुलगा हॉलंडला वाखेनिंगेनला होता, शेतीच्या विद्यापीठात. जानेवारीअखेर परत यायचा होता. इकडे आमच्या मण्यांत पाणी उतरलं होतं, भुरी रोगाची धास्ती, रोज बागेत. त्याला म्हटलं, "बाळा, शेवटचे दिवस आहेत, पॅरिस-बिरीस बघून घे." तो म्हणाला, "आण्णा, ते नंतर बघू. मला सरांना आपली बाग दाखवायची आहे."

शेवटच्या आठवड्यात त्याने सरांची वेळ घेतली. आमचे माती-पाण्याचे रिपोर्ट इंग्रजीत मांडून नेले. आमच्याकडे दुपारचे साडेतीन, तिकडे सकाळचे अकरा. मी बागेत मोबाइल धरून उभा आणि सर तिकडून पाहतायत. त्यांनी बोअरच्या पाण्याच्या खारटपणाबद्दल विचारलं, पानाची कड करपते का विचारलं, एक पान अगदी जवळून दाखवायला लावलं. पोरगं मधे उभं राहून त्यांचं मला आणि माझं त्यांना सांगत होतं. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. माझ्या बागेवर एवढं लक्ष देऊन कुणी इतका वेळ बोललं याचं समाधान वेगळंच. मग मुलगा मला त्यांच्या काचघरात घेऊन गेला, मोबाइलवरूनच. मातीविना टोमॅटो, आणि निचऱ्याचं पाणी गोळा करून पुन्हा झाडाला. आपल्या दुष्काळी पट्ट्यात हे पाहायला हवं.

पोरांनो, आपल्या गावाचा, शेताचा, कारखान्याचा एखादा खरा प्रश्न बरोबर न्या आणि निघण्याआधी तिथल्या माणसापुढे मांडा. समोर बसून विचारलं की ती माणसं मनापासून सांगतात. कागदोपत्री एकच सांगतो, हॉलंडमधून निघताना नगरपालिकेत नाव कमी करायचं ते निघण्याच्या आधीच्या पाच दिवसांत, असं मुलाने सांगितलंय.


वाई, जपान

जपानमध्ये सामान टाकून देणं हेच मोठं काम आहे, हे जाणाऱ्याला माहीत नसतं. गादी, खुर्ची, कपाट रस्त्याकडेला ठेवून चालत नाही. मोठ्या कचऱ्यासाठी पालिकेकडे तारीख मागावी लागते, दुकानातून पैसे देऊन स्टिकर आणायचं, ते वस्तूवर लावायचं आणि ठरल्या सकाळी बाहेर ठेवायचं. तारीख लगेच मिळत नाही. सायकलवर पोलिसी नोंदणी असते, कुणाला दिली तर नोंदणीही त्याच्या नावावर करून द्या. राइस कुकर आणायचा मोह सगळ्यांना होतो. तिथली वीज १०० व्होल्ट, आपली २३०. तिथेच द्या कुणालातरी.

वॉर्ड ऑफिसात देश सोडत असल्याची नोंद करा, आरोग्य विम्याचा हिशेब तिथेच मिटतो. विमानतळावर परत येणार नसल्याचं सांगितलं की रेसिडेन्स कार्डाला, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याच्या कार्डाला, भोक पाडतात. मला त्या क्षणी फार भरून आलं होतं.

यापेक्षा महत्त्वाचं एक. आमच्या प्रयोगशाळेत, ती सोडून जाण्याआधी प्रत्येकाला भेटून आभार मानायची पद्धत आहे. मी प्रत्येकासाठी हाताने चार ओळी लिहिल्या, सफाई करणाऱ्या आजींसाठीसुद्धा. जपानी अक्षर माझं बरं नाही, म्हणून एका बाजूला जपानीत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत लिहिलं. आजींनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि मराठीची बाजू आधी पाहिली. पुढे मला शिफारसपत्र लागलं तेव्हा सरांनी स्वतःहून त्या कागदाचा उल्लेख केला. पत्रासाठी लिहिलं नव्हतं, पण ज्यांनी आपल्याला शिकवलं त्यांना आपण काय शिकलो हे सांगून निघावं, असं मला मनापासून वाटतं.


मिरज, सध्या व्हिएन्ना

वाचतेय सगळं, कारण माझा तोच आठवडा चालू आहे. ऑस्ट्रियात पत्ता काढायची मुदत जर्मनीपेक्षा कमी आहे, घर सोडण्याच्या आधी तीन दिवस किंवा नंतर तीन दिवस. कराडच्या दादांचं वाचून आज विभागात जाऊन अभ्यासक्रमाची पानं मागितली, उद्या शिक्का मारून देतो म्हणालेत. ओट्यावर माझ्याही हळद आहे. पडदा उघडलाय, ऊन आहे.

परवा मजल्यावरच्या सगळ्यांना जेवायला बोलावलंय. पिठलं, भात, ठेचा. त्यातल्या दोघी तिथल्या संगीत विद्यापीठात शिकतात. मिरजेत तंबोरे बनतात हे त्यांना पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं, तेव्हापासून त्या गाणं ऐकव म्हणून मागे लागल्यात. मोबाइलवर तंबोरा लावून यमन गाणार आहे. वाईच्या दादा, आभाराच्या चिठ्ठ्या आज रात्री लिहायला घेते, पेपर उद्या दुपारी आहे. विश्रामबागच्या काकू, माझ्या आईला तुमचा मजकूर पाठवलाय. तिने यादीतून चॉकलेटं काढलीत, मावशीची पर्स अजून आहे.