वाड्याच्या भिंतीला सिमेंट की चुना?

ओसरी: वाईजवळच्या गावी आमचा एकचौकी वाडा आहे. सोप्याची भिंत गवंड्याने सिमेंटने लिंपून दिली होती, ती दोन पावसाळ्यांत फुगली. नखाने ओढलं तरी पापुद्रा सुटतो आणि मागची पांढरी माती पिठासारखी गळते. गवंडी म्हणतो पाडून नवी घ्या, काकाही तयार आहेत. माझं मन होत नाही. त्याच भिंतीला टेकून आजी तांदूळ निवडायची. काय करू?

कृष्णाकाठ: ताई, पाडू नका! आमच्याकडे हेच झालं आणि आम्ही घाईने पाडली. आजही तिथून जाताना जीव तुटतो. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि हवेत सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद होतं, ओल आतच मुरते, क्षार फुलतात आणि माती सुटते. दोष भिंतीचा नाहीच.

एकदा काकांना मेणवलीला घेऊन जा, तुम्हाला जवळच आहे. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट. नाना 1800 साली गेले, वाडा अजून उभा आहे. घाटावर वसईच्या 1739 च्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटाही आहे, पण काकांना आधी वाड्याच्या भिंतींना हात लावून बघू दे. माझ्या वडिलांचं मत तिथेच बदललं, फक्त आमची भिंत तोवर गेली होती.

चुनाभट्टी: सिमेंट हळू खरवडा, छिन्नी जोरात मारू नका. त्याआधी तुळईखाली टेकू द्या. कळीचा चुना विरवून निदान महिनाभर पाण्याखाली मुरू द्या. मग चाळलेली वाळू घालून चुन्याच्या घाण्यात किंवा खलात नीट मळा. आमच्याकडे गुळाचं आणि बेलफळाचं पाणी घालतात. थर पातळ द्या, ओलं गोणपाट लावून ठेवा. चुना हवेतूनच घट्ट होतो, त्याला वेळ लागतो. पावसाळ्यात अजिबात करू नका.

कृष्णाकाठ: आणि पागोळ्या कुठे पडतात ते बघा. जोत्याशी पाणी साचत असेल तर चुनाही टिकायचा नाही.

ओसरी: बघून आले. पन्हळ फुटलीय, सगळं पाणी त्याच कोपऱ्यात पडतंय. उद्या आधी ती बदलून घेते. काका रविवारी मेणवलीला यायला तयार झालेत.