मदत हवी आहे : निफाडच्या थंडीला सरावलेल्यांना मँचेस्टरची झेपेल का?

नमस्कार मंडळी,
आई-बाबा जानेवारीत पहिल्यांदाच आमच्याकडे मँचेस्टरला येताहेत. दोघंही निफाडचे. तिथे पहाटे पारा ५-६ अंशांवर येतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तरी बाबा एका स्वेटरवर फिरून येतात. इथेही पारा साधारण तेवढाच, पण "इथली ओली थंडी हाडात शिरते" असं जो तो सांगतो.

मला ते पटत नाही. ५ अंशांची हवा बाष्पाने पूर्ण भरली तरी घनमीटरमागे जेमतेम ७ ग्रॅम बाष्प. ३० अंशांना तेच ३० ग्रॅम मावतं. एवढ्याशाने अंगातली ऊब कितीशी जाणार? अमेरिका-कॅनडातल्या विंड चिलच्या (वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या जादा थंडीच्या) सूत्रातही तापमान आणि वारा एवढंच असतं, आर्द्रता नाहीच. खरा फरक उन्हाचा असावा. निफाडला दहाला ऊन चटचटतं. इथे दिवसभर ढग, भुरभुर पाऊस, कपडे किंचित ओलसरच. आणि ओलसर कपड्यात ऊब टिकत नाही. (गंमत म्हणजे हीच हवा घरात २० अंशांपर्यंत तापवली की कोरडी होते, ओठ फुटतात!)

भौतिकशास्त्रातल्या जाणकारांनो, यात काही निसटतंय का? आणि इथे राहणाऱ्यांनो, आतून लोकरीचं थर्मल घ्यावं की सिंथेटिक? बाबा सुती बंडी सोडायला तयार नाहीत, त्यांना कसं पटवू?