सी, लुक, वॉच : दिसणं, बघणं आणि पहारा

नववीतल्या भाचीने परवा विचारलं, "मावशी, सी, लुक, वॉच म्हणजे पाहणेच ना? मग कुठे कोणता वापरायचा?" तिच्या वहीत तिन्ही शब्दांसमोर खरोखरच 'पाहणे' लिहिलं होतं. घोटाळा तिथूनच सुरू होतो. 'सी'समोर आधी 'दिसणे' लिहायला हवं.

"कपाटात बघितलं, पण चष्मा दिसला नाही" हे आपण सहज बोलतो. पहिलं 'लुक', दुसरं 'सी'. बघणं आपल्या हातात असतं, दिसणं नसतं. म्हणूनच दिसताना 'मी'चं 'मला' होतं. 'लिसन' आणि 'हिअर'चंही तसंच : ऐकणं आणि ऐकू येणं. हा फरक मराठी मुलाला शिकवावा लागत नाही, नुसता दाखवून द्यावा लागतो.

एका जागी मात्र मराठीच चकवते. "ऐकू येतंय का?" यावरून ऑनलाइन मीटिंगमध्ये 'आर यू हिअरिंग मी?' तोंडात येतं. तिथे हवं 'कॅन यू हिअर मी?' तसंच "मला दिसतंय" म्हणजे 'आय कॅन सी'. 'आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो' बरोबर आहे, पण त्यातलं 'सी' म्हणजे भेटणं. आपण डॉक्टरांना दाखवतो, इंग्रजी माणूस डॉक्टरांना 'सी' करतो.

'वॉच' माझा आवडता. 'वेक' आणि 'वॉच' एकाच मुळाचे, म्हणजे जागं राहून राखण करणं. जहाजावरच्या पाळीला आजही 'वॉच' म्हणतात. ती परंपरेने चार तासांची. आपला 'पहारा'ही तीन तासांच्या 'प्रहरा'वरूनच आला. हे लक्षात ठेवलं की वापर आपोआप जमतो : जे हलतंय, बदलतंय, त्यावर काही वेळ नजर लावणं म्हणजे 'वॉच'. फोटोला 'लुक ॲट', मॅचला 'वॉच'. गॅसवर दूध ठेवून आई "जरा दुधाकडे बघ गं" म्हणते, तेही 'वॉच'च. आणि "आजीकडे कोण बघतं?" यातलं बघणं 'लुक आफ्टर'.

भाचीने 'वॉच'समोर 'नजर ठेवणे' लिहिलं आणि लगेच विचारलं, "मग सिनेमा?" त्याला दोन्ही चालतात. थिएटरात जाऊन पाहिला तर बहुधा 'सी', घरी टीव्हीवर लावला तर 'वॉच'.