गाडीच्या हीटरचा पंखा एकाच स्पीडवर चालतोय, मदत हवी आहे (ठाणे)

कोलशेतकर:
हीटरचा पंखा एकाच स्पीडवर चालतो, बाकीच्यांवर ढिम्म. गॅरेजवाला म्हणतो डॅशबोर्ड उतरवून अख्खा ब्लोअर (वारा फेकणारा पंखा आणि त्याची मोटर) बदलावा लागेल, गाडी ठेवून जा. शुक्रवारी पहाटे आईबाबांना घेऊन नाशिकला निघायचंय. कसारा घाटात धुकं असतं, काच आतून पुसत गाडी चालवणं मला जमणार नाही. घोडबंदरच्या बाजूला खात्रीचा ऑटो इलेक्ट्रिशियन कोणी सांगेल का? लवकर सांगा.

नेरुळकर:
एकाच म्हणजे कोणत्या? पहिल्या की शेवटच्या? आणि एसी लावल्यावर काय होतं?

घाटवाट:
आधी कूलंट बघा. माझ्या गाडीचा पंखा असाच सतत फुल चालायचा, शेवटी टेंपरेचर सेन्सर गेलेला निघाला. घाटात गाडी तापली तर हीटर फुल करून काचा उघडा, इंजिनाची उष्णता आत ओढली जाते आणि काटा खाली येतो.

कोलशेतकर:
अहो, रेडिएटरचा पंखा नाही, डॅशबोर्डमधून वारा येतो तो. शेवटच्या स्पीडवर चालतो, चार नंबर. एसी लावला तरी तेच.

नेरुळकर:
एसीला तेच होणार, पंखा एकच असतो. गोल फिरवायचं बटण आहे की ऑटो क्लायमेट कंट्रोल?

कोलशेतकर:
गोल बटण. 2014 ची पेट्रोल हॅचबॅक. इलेक्ट्रिशियनचं कोणी सांगत नाहीये.

एसीप्रेमी:
गॅस भरून घ्या. गॅस कमी झाला की थंडावा येत नाही, मग माणूस पंखा चारवरच ठेवतो.

तुर्भे_वायरमन:
गॅसचा इथे काही संबंध नाही. दादा, लक्षण अगदी स्पष्ट आहे. एक ते तीनवर वीज ब्लोअर रेझिस्टरमधून, म्हणजे प्रवाह कमी करून पंखा हळू करणाऱ्या भागातून जाते, चारवर त्याला वगळून थेट मोटरला मिळते. फक्त चार चालतोय म्हणजे मोटर जिवंत आहे. रेझिस्टरवर बहुतेक वेळा एक थर्मल फ्यूज असतो, फार तापलं की वीज तोडणारा. तो उडाला की खालचे सगळे स्पीड एकदम जातात. एखादाच स्पीड गेला असता तर आतली एखादी कॉइल तुटली असं म्हटलं असतं.

बहुतेक हॅचबॅकमध्ये हा भाग ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, शेजारी बसणाऱ्याच्या पायांच्या वर असतो. दोन स्क्रू आणि एक प्लग, डॅशबोर्डला हात लावायची गरज नाही. प्लग काढून मल्टिमीटर ओहमवर लावा. टर्मिनल्समध्ये थोडे ओहम दिसायला हवेत. आकडाच येत नसेल तर रेझिस्टर गेला. ब्लोअर असेंब्लीच्या मानाने तो खूप स्वस्त पडतो.

स्वतः_करा:
तोही विकत घ्यायची गरज नाही. थर्मल फ्यूजच्या दोन टोकांना तार सोल्डर केली की झालं. माझ्या गाडीत वर्षभर चालतंय.

तुर्भे_वायरमन:
कृपा करून असं कोणी करू नका. एका ओहममधून 5 अँपिअर गेले तर 25 वॅट उष्णता तयार होते. म्हणून तर रेझिस्टर मुद्दाम पंख्याच्या वाऱ्यात बसवलेला असतो. मोटर जाम झाली, वारा थांबला, तर वीज तोडायला तेवढा एक फ्यूज असतो. तिथे साधी तार असेल तर आजूबाजूचं प्लास्टिक वितळेल, आणि गाडीत त्यांचे आईबाबा बसणार आहेत.

स्वतः_करा:
मुख्य फ्यूज असतोच की.

तुर्भे_वायरमन:
तो मोटरच्या पूर्ण प्रवाहासाठी असतो, बऱ्याच गाड्यांत 30 अँपिअरचा. रेझिस्टर लाल होईल एवढा प्रवाह तो निवांत जाऊ देतो.

पार्किंग_बी2:
आमच्या हिरानंदानी इस्टेटच्या बाजूला उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या, तेही बघून घ्या. बॉनेटखाली तंबाखूची पानं बांधून ठेवली की येत नाहीत म्हणतात.

नेरुळकर:
उंदरांनी वायर खाल्ली असती तर चार नंबरही नीट चालला नसता असं मला वाटतं. मला बटणामागच्या स्विचचा संशय येतो. त्याचे कॉन्टॅक्ट जळतात, माझा तोच गेला होता. आणि धुक्यासाठी नुसता हीटर लावू नका. एसी चालू, तापमान गरमवर, हवा बाहेरून घ्यायची आणि काचेकडे सोडायची. एसी हवेतला ओलावा काढतो, काच पटकन स्वच्छ होते.

तुर्भे_वायरमन:
स्विचही जाऊ शकतो, मान्य. पण तीन कॉन्टॅक्ट एकदम जाणं कमी वेळा होतं. रेझिस्टर मोजायला जरासा वेळ लागतो, तो ठीक निघाला तर स्विच उघडा.

घाटवाट:
पहाटे निघताय तर माजिवडा ते वडपे पट्ट्यात खड्डे असतील तर जपून. रात्री पाणी साचलं की खोली कळत नाही.

कोलशेतकर:
वागळे इस्टेटमधल्या एका इलेक्ट्रिशियनने माझ्यासमोर उघडलं. थर्मल फ्यूज उडालेला, मीटरवर काहीच नाही. नवीन रेझिस्टर लावल्यावर चारही स्पीड चालले. पण प्लगचं एक टर्मिनल काळं पडलंय, तो म्हणतो चालेल. आणि पंख्यात पिंपळाच्या पानांचा चुरा अडकला होता.

तुर्भे_वायरमन:
चालणार नाही. काळं टर्मिनल म्हणजे सैल जोड, तिथेच पुन्हा तापेल. वायरींसकट तयार कनेक्टर मिळतो, तो क्रिंप करून (पक्कडीने दाबून जोडून) वर हीट श्रिंक (तापवलं की आवळणारी नळी) चढवून घ्या, नुसती टेप गुंडाळू देऊ नका. पानांचा चुरा बहुधा काचेखालच्या जाळीतून आलाय. ती साफ करा, पाणी जायच्या वाटा मोकळ्या करा, नाहीतर पावसाचं पाणी ब्लोअरवर उतरतं. केबिन फिल्टर असेल तर तोही बदला. तो तुंबला की वारा कमी होतो आणि रेझिस्टर जास्त तापतो. पंखा हाताने फिरवून बघा. जड फिरत असेल किंवा खरखर येत असेल तर मोटर जास्त प्रवाह ओढतेय, नवा रेझिस्टरही जाईल.

कोलशेतकर:
हलका फिरतोय, आवाज नाही. कनेक्टर उद्याच बदलून घेतो. खूप आभार.

खारघर_सेक्टर12:
माझ्या गाडीत उलटं आहे, एक ते तीन चालतात, चारच चालत नाही. मलाही रेझिस्टर लागेल का?

तुर्भे_वायरमन:
नाही. तुमचा थेट जाणारा मार्ग तुटलाय. हाय स्पीडचा रिले (विजेवर चालणारा स्विच) असेल तर तो, नसेल तर स्विचचा चौथा कॉन्टॅक्ट तपासा.