‘द पार्टी’मधल्या बक्षीला आपण नेमके कशासाठी हसतो?

माडाची_सावली (वेंगुर्ले)

आमच्या वाचनालयाच्या चित्रपट मंडळात पुढच्या महिन्यात ब्लेक एडवर्ड्स यांचा १९६८ सालचा ‘द पार्टी’ दाखवावा असे घाटत आहे. त्यात पीटर सेलर्स या ब्रिटिश नटाने तोंडाला तपकिरी रंग फासून हृंडी बक्षी नावाचा भारतीय नट रंगवला आहे. स्टुडिओचा प्रमुख त्याला यापुढे काम मिळू नये म्हणून त्याचे नाव एका कागदावर लिहितो, तो कागद नेमका मेजवानीच्या निमंत्रितांच्या यादीचा निघतो आणि पुढचा सगळा गोंधळ त्यातून होतो. कॉलेजात असताना हा चित्रपट पाहून हसता हसता पुरेवाट झाली होती. परवा पुन्हा पाहिला तेव्हा सुरुवातीपासूनच अवघडल्यासारखे झाले. टर भारतीय माणसाची उडवली आहे, की हॉलिवूडची? दाखवावा की नाही?

बंदरावरचा

अवश्य दाखवा. बुटाचा प्रसंग नीट पाहा. चिखल लागलेला पांढरा बूट तो घरातल्याच वाहत्या पाण्यात धुवायला जातो, बूट हातून निसटतो, तरंगत निघतो आणि शेवटी खाण्याच्या तबकात जाऊन पडतो. त्या सगळ्या वेळात बक्षीच्या चेहऱ्यावर काही घडलेच नसल्याचा जो भाव असतो, त्याचा त्याच्या देशाशी काय संबंध? परक्याच्या घरी, भारी कपड्यांतल्या माणसांत, जाऊन पडलेल्या कोणाचीही ही अवस्था होते. मुंबईला नातेवाइकांच्या नव्या ब्लॉकमध्ये पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा नळ कोणत्या बाजूला फिरवायचा हे मला कळले नव्हते, म्हणून सांगतो. शिवाय त्या घरातला सर्वांत सभ्य माणूस बक्षीच आहे; यजमान तोऱ्यात असतात आणि वाढपी पिऊन झिंगलेला असतो.

दशावतार_प्रेमी

बंदरावरचा यांनी बुटाविषयी लिहिले ते मान्य, पण त्यांनी चित्रपटातला सोयीचा भाग तेवढा उचलला आहे. ‘हृंडी’ हे नाव भारतात कोणी ऐकले आहे का? ते केवळ कानाला विचित्र वाटावे म्हणून बेतलेले आहे. सेलर्स यांनी १९६० च्या ‘द मिलियनेअरेस’मध्येही भारतीय डॉक्टर असाच उभा केला होता आणि ते भारतीय ढंगाचे इंग्रजी उच्चार पुढे चांगलेच रुजले. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदाराला आवाज देणारे हँक अझेरिया यांनी त्या आवाजामागे ‘द पार्टी’तला बक्षी असल्याचे स्वतः सांगितले आहे. एका नटाने एकदा केलेली नक्कल अमेरिकेतल्या भारतीय मुलांना शाळेत चिडवायला कित्येक वर्षे कामी आली, हे विसरून चालणार नाही.

आपण मालवणी माणसांनी तरी हे लवकर ओळखायला हवे. मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर मालवणी बोलणारा म्हणजे गडी किंवा आचारी, त्याने ‘खंय’ म्हटले की प्रेक्षागृहात हशा, हे आपण वर्षानुवर्षे पाहिले आहे. गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मध्येही लोक मालवणीलाच हसत होते, पण तिथे लिहिणारा आपला, तात्या सरपंच उभे करणारे मच्छिंद्र कांबळी आपले आणि फजितीही आपल्याच गावच्या नाटकाची होती. बक्षीच्या बाबतीत यातले काहीच भारतीयांच्या हातात नव्हते.

हत्तीचा प्रसंगही पाहा. पोरांनी रंगवलेला हत्ती पाहून बक्षी दुखावतो आणि त्याला धुवायला लावतो, कारण भारतीय म्हटला की हत्ती पूज्य, असा हिशेब. आपल्या दोडामार्गातल्या बागायतदाराला विचारा. रानटी हत्तींनी मोडलेले माड आणि केळी दाखवून तो काय बोलेल, ते इथे लिहिता येणार नाही.

बंदरावरचा

हत्तीचे मान्य! तरी एक सांगतो. त्या प्रसंगात यजमानांच्या मुलीचा आणि तिच्या मित्रमंडळींचा उथळपणा उघडा पडतो, बक्षीचा नव्हे.

माडाची_सावली

दोघांचेही आभार. काल घरी आईला अर्धा चित्रपट दाखवला. तिला इंग्रजी येत नाही, त्यामुळे ज्या उच्चारांवरून आपण इथे वाद घालत आहोत ते तिच्या लेखी नव्हतेच. बुटाला ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग सेलर्सचा चेहरा पडद्यावर जवळून आला तेव्हा मात्र तिने विचारले, “तेना तोंडाक काय फासल्यान?” चित्रपट दाखवायचे आम्ही नक्की केले आहे, मात्र खेळ संपल्यावर अर्धा तास चर्चेसाठी ठेवला आहे आणि तिची सुरुवात आईच्या याच प्रश्नाने करणार आहे.